एक पुस्तक, सहा खेळाडू: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या धंद्याची पन्नास वर्षं

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा प्रवासात मध्येच नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. बोलताना घाईत जे सुटलं ते इथे भरलंय, आणि 'म्हणजे', 'बघा', 'काय तर' जमेल तेवढे काढून टाकलेत. सगळे नाही निघाले, सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम्सचा धंदा. खेळ नव्हे, खेळाचा धंदा. कोण कमावतं, कोण बुडतं, 'मार्केट शेअर' म्हणतात तो नक्की कशाचा शेअर असतो. आणि हे सगळं आपण एकाच खेळाच्या गोष्टीतून बघणार आहोत, कारण या धंद्यात पहिल्या दिवसापासून एकच दादा आहे: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे डी अँड डी.

ज्यांनी कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार, त्याला डंजन मास्टर किंवा डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात: कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. डीएम प्रसंग सांगतो, खेळाडू 'मी असं करतो' म्हणतात, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. त्यातला वीस बाजूंचा फासा प्रसिद्ध. बोर्ड नसला तरी चालतं. शेवटी कुणी जिंकत नाही. गोष्ट पुढच्या आठवड्यात चालू राहते, कधीकधी वर्षानुवर्षं.

कॅरम बोर्डाचा प्रॉब्लेम

आता धंद्याच्या नजरेने बघा. या खेळाला लागतं काय? नियमांचं एक पुस्तक, फासे, कागद, पेन्सिल. आमच्या ग्रुपमध्ये सहा जण आहेत आणि पुस्तक एकाकडेच आहे. बाकी पाच जण ते मागून वाचतात. फासेसुद्धा फोनवर टाकता येतात. म्हणजे सहा गिऱ्हाइकांपैकी पाच गिऱ्हाइकं नाहीतच. बरं, ज्याने घेतलंय त्याला दुसरं पुस्तक घ्यायची गरज काय? पुढची गोष्ट तर तो स्वतःच रचतो!

सोसायटीतला कॅरम बोर्ड आठवा. एकदा वर्गणी काढून आणला की वीस वर्षं चालतो. बोर्ड बनवणाऱ्याला त्या सोसायटीत पुन्हा काय विकता येणार? फार तर पावडर आणि सोंगट्या. डी अँड डीच्या मालकांनी पन्नास वर्षं हाच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केलाय: एकदा बोर्ड विकला, आता पावडर कुठली विकायची? या भागातली प्रत्येक चढती आणि प्रत्येक आपटी या एका प्रश्नातून निघते, म्हणून तो लक्षात ठेवा.

१९७४: हजार खोकी

गॅरी गायगॅक्स हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात राहणारा माणूस. शिकागोत विमा कंपनीत अंडररायटर होता. १९७० मध्ये नोकरी गेली. मग घरात चपला-बूट दुरुस्त करून संसार चालवायचा आणि उरलेल्या वेळात युद्धाच्या खेळांचे नियम लिहायचा. सैनिकांच्या छोट्या बाहुल्या टेबलावर मांडून लढाया खेळणारा एक वर्ग तेव्हा तिथे होता. १९६८ मध्ये याच गायगॅक्सने गावातला एक हॉल भाड्याने घेऊन त्या लोकांचा मेळावा भरवला होता. तो 'जेन कॉन' आजही दरवर्षी भरतो आणि या क्षेत्रातली मोठी जत्रा मानला जातो.

तिकडे मिनेसोटात डेव्ह आर्नसन नावाचा तरुण आपल्या मित्रांबरोबर 'ब्लॅकमूर' नावाचा वेगळाच प्रकार खेळत होता. त्यात सैन्य नाही, प्रत्येकाचं एकच पात्र, आणि ते पात्र अनुभवाने हळूहळू तयार होत जातं. आर्नसनने तो खेळ गायगॅक्सला दाखवला, गायगॅक्सने त्यावर नियम लिहून काढले.

छापायला कुणी तयार होईना. म्हणून १९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनी 'टॅक्टिकल स्टडीज रूल्स' ही कंपनी काढली. पुढे ती टीएसआर म्हणूनच ओळखली गेली. ब्रायन ब्लूम नावाच्या तिसऱ्या माणसाने पैसे घातले आणि जानेवारी १९७४ मध्ये डी अँड डी बाजारात आला. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिली आवृत्ती १००० प्रतींची. खोकी घरातच हाताने भरली. हजार खोकी जायला जवळजवळ वर्ष लागलं.

पण खेळणारे हजारांपेक्षा कितीतरी जास्त होते. कसे? झेरॉक्स! अमेरिकन विद्यापीठांत त्या पुस्तिकांच्या झेरॉक्स प्रती फिरत होत्या. पहिल्याच वर्षी या धंद्याचा स्वभाव दिसला: खेळ किती पसरलाय आणि कंपनीने किती विकलंय हे दोन आकडे सुरुवातीपासूनच वेगळे. आणि झेरॉक्सवर शिकलेला पोरगाच पुढच्या वर्षी खरी प्रत घेत होता, हेही तितकंच खरं.

जानेवारी १९७५ मध्ये डॉन के हृदयविकाराने गेला. वय ३६. त्याचा हिस्सा विकत घ्यायला गायगॅक्सकडे पैसे नव्हते. तो हिस्सा शेवटी ब्लूम कुटुंबाकडे गेला. ज्या कंपनीचा चेहरा गायगॅक्स होता, त्या कंपनीत तो अल्पमतात गेला. याचा हिशेब दहा वर्षांनी झाला.

बदनामीतून विक्री

१९७९ च्या ऑगस्टमध्ये मिशिगनमधल्या एका विद्यापीठातून १६ वर्षांचा हुशार विद्यार्थी गायब झाला. त्याला शोधणाऱ्या खाजगी डिटेक्टिव्हने एक तर्क मांडला की पोरगा विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत डी अँड डी खेळायला गेला आणि तिथेच हरवला. तर्क चुकीचा निघाला, त्या मुलाच्या अडचणी वेगळ्या आणि गंभीर होत्या. पण देशभरातल्या पेपरांनी मथळे छापून झाले होते. पुढे काही धार्मिक गटांनी हा खेळ म्हणजे सैतानपूजा आहे असा प्रचार सुरू केला, आणि तो ऐंशीच्या दशकात बराच काळ चालला.

धंद्यावर परिणाम? विक्री वाढली. ज्यांनी नावही ऐकलं नव्हतं ते दुकानात जाऊन 'तो बंदी घालायचा म्हणतात तो खेळ आहे का' असं विचारू लागले. त्याच सुमारास रँडम हाउस या मोठ्या प्रकाशन कंपनीने टीएसआरचा माल वितरित करायला घेतला, त्यामुळे खेळ हॉबीच्या दुकानांतून बाहेर पडून साध्या पुस्तकांच्या दुकानांत पोचला. १९८३ पर्यंत कंपनीची वर्षाची उलाढाल अडीच कोटी डॉलरच्या पुढे गेली. त्याच वर्षी टीव्हीवर डी अँड डीची कार्टून मालिका सुरू झाली.

इथे कुठल्याही स्टार्टअपमध्ये काम केलेल्या माणसाला पुढचं चित्र ओळखीचं वाटेल. वाढ अशीच चालू राहणार असं धरून शेकडो माणसं भरली. गाड्या, ऑफिसं, नवे विभाग. कंपनीने भरतकामाचं साहित्य विकणारी एक कंपनीसुद्धा विकत घेतली! फाशांच्या खेळाच्या कंपनीला सुईदोरा कशाला हवा होता हे आजही कुणाला नीट सांगता येत नाही. वाढ मंदावली, कारण ज्यांना बोर्ड हवा होता त्यांच्याकडे आता बोर्ड होता. मग कर्ज, आणि १९८३-८४ मध्ये एकामागून एक नोकरकपातीच्या फेऱ्या.

दरम्यान आर्नसनने १९७९ मध्येच रॉयल्टीसाठी कोर्टात धाव घेतली होती. कंपनीने 'अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा सुधारित खेळ काढला होता आणि हा नवा खेळ आहे, त्यावर आर्नसनचा हक्क नाही, असं तिचं म्हणणं होतं. १९८१ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. १९८५ मध्ये गायगॅक्सची पाळी आली. कंपनी सावरायला त्याने लोरेन विल्यम्स यांना व्यवस्थापक म्हणून आणलं होतं. ब्लूम भावांनी आपले शेअर त्यांनाच विकले आणि बहुमत विल्यम्सकडे गेलं. गायगॅक्स कोर्टात हरला आणि १९८६ संपेपर्यंत आपल्याच कंपनीतून बाहेर पडला.

छापा, पाठवा, पैसे घ्या

विल्यम्सबद्दल खेळाडूंमध्ये खूप राग आहे, पण त्यांनी बुडणारी कंपनी बारा वर्षं चालवली हेही खरं. कादंबऱ्यांचा धंदा त्यांच्या काळात फळला. ड्रॅगनलान्स आणि फरगॉटन रिल्म्स या विश्वांतल्या कादंबऱ्या बेस्टसेलर यादीत गेल्या. कादंबरी ही उत्तम पावडर आहे, ती प्रत्येक वाचकाला वेगळी घ्यावी लागते.

पण खेळाच्या बाजूला एक वेगळीच चूक चालू होती. एक विश्व विकून झालं की दुसरं काढायचं. स्पेलजॅमर १९८९, रेव्हनलॉफ्ट १९९०, डार्क सन १९९१, अल-कादिम १९९२, प्लेनस्केप १९९४, बर्थराइट १९९५. यातली काही अप्रतिम आहेत, आजही लोक जुन्या प्रती शोधत फिरतात. पण डार्क सन खेळणारा ग्रुप रेव्हनलॉफ्टचं पुस्तक घेत नाही. एकच बाजार सहा-सात तुकड्यांत वाटला गेला, आणि प्रत्येक तुकड्यासाठी लेखक, चित्रकार, छपाईचा खर्च मात्र पूर्ण. प्रतिस्पर्धीही आले होते. १९९१ मध्ये व्हाइट वुल्फने 'व्हँपायर: द मास्करेड' काढला. जे कॉलेजातले लोक ड्रॅगन मारायला कंटाळले होते ते रक्तपिपाशांच्या राजकारणाकडे वळले. मग १९९३ मध्ये 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ आला आणि दुकानदाराच्या गल्ल्यातला मोठा वाटा तिकडे गेला.

आणि आता या गोष्टीतला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग, तो म्हणजे रँडम हाउसबरोबरचा करार. सोप्या भाषेत तो असा चालायचा: टीएसआरने माल रँडम हाउसच्या गोदामात पाठवला की छापील किमतीचा ठरावीक टक्का लगेच हातात. पुस्तक विकलं गेलं की नाही ते नंतर बघू. ही उचल होती, एक प्रकारचं कर्जच. पुस्तक विकलं गेलं तर ते फिटलं. नाही विकलं तर माल परत येणार आणि पैसे परत द्यावे लागणार.

आता विचार करा, तुमच्याकडे पगाराला पैसे नाहीत. काय कराल? आणखी छापाल! काय छापताय, कोण घेणार, याला महत्त्व नाही. ट्रक गोदामात पोचला की पैसे मिळाले. पुस्तक छापणं म्हणजे नोटा छापण्यासारखं झालं. हिशेबाच्या वहीत विक्री छान दिसत राहिली, आणि न विकलेला माल दुसऱ्याच्या गोदामात साचत गेला. क्रेडिट कार्डाचं बिल दुसऱ्या क्रेडिट कार्डाने भरणारे मित्र तुम्हालाही माहीत असतील.

१९९६ मध्ये परतीचे ट्रक निघाले. पुस्तकं, कादंबऱ्या, 'ड्रॅगन डाइस' नावाचा फाशांचा खेळ, सगळं परत. रँडम हाउस पैसे मागत होतं, छापखान्याचे पैसे थकले होते, छापखान्याने काम थांबवलं. १९९७ च्या सुरुवातीला काही महिने कंपनीतून नवं काही बाहेरच पडलं नाही. लोक खेळत होते, गोदामं भरलेली होती, आणि कंपनी मेल्यात जमा होती.

दार उघडलं

तिला वाचवलं कुणी? मॅजिकवाल्यांनीच. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीचा प्रमुख पीटर अॅडकिसन लहानपणापासून डी अँड डीचा वेडा. १९९७ मध्ये त्याने सुमारे अडीच कोटी डॉलर मोजून टीएसआर घेतली. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, खेळण्यांची महाकाय कंपनी हॅस्ब्रोने सुमारे ३२.५ कोटी डॉलरला विझर्ड्स घेतली. अर्थात, तो पैसा पोकेमॉन आणि मॅजिकच्या पत्त्यांसाठी होता. डी अँड डी सोबत आला.

टीएसआरचे कागद तपासणाऱ्यांत रायन डॅन्सी होता. त्याने नंतर लिहिलंय की ग्राहक कोण आहेत, त्यांना काय हवंय, हे कंपनीने विचारल्याची नोंदच त्याला मिळाली नाही. ना सर्व्हे, ना फीडबॅक. कुठल्या उत्पादनावर नफा होतो हेही धड माहीत नव्हतं.

डॅन्सीने मग जे केलं ते माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला फार आवडतं. तेव्हा ओपन सोर्सची हवा होती. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीपीएल लायसन्सवरून प्रेरणा घेऊन डॅन्सीने खेळाच्या नियमांसाठी तसंच लायसन्स आणलं. नाव 'ओपन गेमिंग लायसन्स', थोडक्यात ओजीएल. २००० मध्ये खेळाची तिसरी आवृत्ती आली आणि तिच्या नियमांचा गाभा जगाला मोकळा करून दिला: घ्या, यावर तुमची साहसं लिहा, पुस्तकं छापा, विका. आम्हाला रॉयल्टी नको.

कुठल्या कंपनीचा वकील याला हो म्हणेल? पण त्यामागे हिशेब होता. विझर्ड्समधल्या स्काफ इलायस याच्या नावाने एक सिद्धांत सांगितला जायचा: या बाजारात कुणीही काहीही विकलं तरी शेवटी फायदा पहिल्या क्रमांकाच्या खेळाला होतो, कारण लोक आज ना उद्या तिथेच येतात जिथे खेळायला माणसं मिळतात. आपण सगळे एकाच मेसेजिंग अॅपवर का आहोत? ते सगळ्यात चांगलं आहे म्हणून नाही, काकू आणि मामा तिथे आहेत म्हणून. साहसांची छोटी पुस्तकं काढणं मोठ्या कंपनीला परवडत नाही, ते छोट्यांना करू द्या, आपण मूळ पुस्तक विकू. म्हणजे पावडर दुसऱ्यांना विकू द्यायची आणि बोर्ड आपला ठेवायचा.

चाललं. जोरात चाललं. इतकं की बाजारात अशा पुस्तकांचा पूर आला, त्यात सुमार माल भरपूर, आणि २००३ मध्ये साडेतीन नंबरची सुधारित आवृत्ती आल्यावर दुकानांत जुना साठा अडकून कित्येक छोट्या कंपन्या बुडाल्या. मोकळं दार म्हणजे सगळ्यांचं भलं, असं म्हणणं सोपं आहे. त्या दारातून आत आलेल्यांपैकी बरेच चिरडलेही गेले.

दार लावलं, आणि बाहेर दुकान उघडलं

२००८ मध्ये चौथी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर नवं, कडक लायसन्स. त्याआधी २००७ मध्ये विझर्ड्सने 'ड्रॅगन' आणि 'डंजन' ही आपली दोन मासिकं पायझो नावाच्या छोट्या कंपनीकडून काढून घेतली होती. पायझोचा धंदाच त्या मासिकांवर होता. २००९ मध्ये विझर्ड्सने पायरसीच्या कारणाने आपल्या पुस्तकांच्या पीडीएफची विक्रीसुद्धा बंद केली. पैसे देऊन घेणाऱ्यांना दुकान बंद, फुकट घेणाऱ्यांना काहीच फरक नाही!

पायझोपुढे प्रश्न होता की आता खायचं काय. पण जुनं ओजीएल अजून जिवंत होतं. त्यांनी तिसऱ्या आवृत्तीचे मोकळे नियम घेतले, सुधारले, चाचणीची प्रत हजारो खेळाडूंना फुकट दिली आणि ऑगस्ट २००९ मध्ये 'पाथफाइंडर' बाजारात आणला. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला सरळ 'फोर्क' म्हणतात. नव्या आवृत्तीवर नाराज झालेले जुने खेळाडू तिकडे गेले.

इथे मार्केट शेअरचा मुद्दा येतो. या धंद्यात खात्रीचे आकडे जवळजवळ नाहीतच, कारण बऱ्याच कंपन्या खाजगी आहेत आणि हॅस्ब्रो डी अँड डीचा हिशेब वेगळा दाखवत नाही. 'आयसीव्ही२' ही व्यापारवृत्त देणारी संस्था दुकानदार, वितरक आणि प्रकाशकांशी बोलून खपाचा क्रम लावते. या यादीत २०११ मध्ये पाथफाइंडर पहिल्या क्रमांकावर गेला आणि २०१४ पर्यंत राहिला. १९७४ नंतर इतका काळ डी अँड डीला मागे ठेवणं क्वचितच कुणाला जमलं होतं, आणि ते करणारा खेळ कोणता? डी अँड डीच्याच मागच्या आवृत्तीचा वंशज. म्हणजे दादाला हरवायला दादाचाच जुना कोट लागला.

लोक बघायला लागले

विझर्ड्सने धडा घेतला. २०१२ पासून दोन वर्षं पाचव्या आवृत्तीची जाहीर चाचणी चालली, लाखाहून जास्त लोकांनी त्यात भाग घेतला. २०१४ मध्ये मूळ नियमांची पीडीएफ फुकट दिली, आणि २०१६ मध्ये नियमांचा गाभा पुन्हा ओजीएलखाली मोकळा केला.

मग कंपनीच्या नियोजनाबाहेरच्या गोष्टी घडल्या. मार्च २०१५ मध्ये व्हॉइस अॅक्टर मित्रांच्या एका ग्रुपने 'क्रिटिकल रोल' या नावाने आपला खेळ इंटरनेटवर लाइव्ह दाखवायला सुरुवात केली. दुसऱ्यांना टेबलाभोवती तीन-चार तास बोलताना कोण बघणार? लाखो लोकांनी बघितलं. २०१९ मध्ये त्यांनी कार्टून मालिकेसाठी किकस्टार्टरवर पैसे मागितले तेव्हा १.१ कोटी डॉलरहून जास्त जमले. २०१६ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' आली आणि तिच्या पहिल्याच भागात पोरं तळघरात डी अँड डी खेळताना दिसतात. आपल्याकडच्या अनेकांनी हा खेळ पहिल्यांदा तिथेच पाहिला. रोल२० सारख्या साइट्समुळे पुण्यातला एक, बंगळूरुतले दोन आणि टोरांटोतला एक असा ग्रुप जमायला लागला. मग लॉकडाऊन आला, आणि घरात अडकलेल्यांना यासारखा दुसरा खेळ नव्हता.

आयसीव्ही२च्या अंदाजाप्रमाणे अमेरिका आणि कॅनडातल्या हॉबी बाजारात अशा खेळांची विक्री २०१३ मध्ये सुमारे १.५ कोटी डॉलर होती. २०१७ मध्ये ती ५.५ कोटी झाली, २०२० मध्ये १०.५ कोटी. सात वर्षांत सातपट.

पण याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०२२ मध्ये हॅस्ब्रोच्या एकट्या 'मॅजिक' या पत्त्यांच्या खेळाची उलाढाल १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली. दोन्ही आकडे वेगवेगळ्या पद्धतीने मोजलेत, थेट भागाकार करू नका, पण अंदाज येतो. मॅजिकमध्ये प्रत्येक खेळाडूला स्वतःचे पत्ते लागतात आणि दर काही महिन्यांनी नवे. तिथे बोर्ड नाहीच, सगळी पावडरच आहे. एकाच इमारतीत असे दोन धंदे शेजारी बसले की वरच्या साहेबांना काय वाटेल?

जानेवारी २०२३

साहेबांनी ते बोलूनच दाखवलं. डिसेंबर २०२२ मध्ये गुंतवणूकदारांसमोर विझर्ड्सच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स म्हणाल्या की डी अँड डी या ब्रँडमधून जेवढा पैसा निघायला हवा तेवढा निघत नाही. डीएम हे एकूण प्रेक्षकांच्या २० टक्केच असतात, पण पैसे खर्च करणाऱ्यांत सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच. मी सुरुवातीला सांगितलेला आमच्या ग्रुपचा हिशेब, फक्त बोर्डरूमच्या भाषेत. डी अँड डी बियाँड ही डिजिटल पुस्तकांची आणि सबस्क्रिप्शनची सेवा हॅस्ब्रोने त्याच वर्षी १४.६३ कोटी डॉलरला घेतली होती. उरलेल्या ८० टक्क्यांकडून महिन्याला काहीतरी मिळवायचा तो रस्ता होता.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नव्या लायसन्सचा मसुदा फुटला. त्यात म्हटलं होतं की जुनं ओजीएल यापुढे अधिकृत राहणार नाही, आणि ज्यांची उलाढाल वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर जाईल त्यांनी वरच्या रकमेवर रॉयल्टी द्यायची, २५ टक्क्यांपर्यंत. नफ्यावर नाही, उलाढालीवर. पुस्तकं छापून विकणाऱ्या छोट्या प्रकाशकाला एवढा नफाच सुटत नाही. तेवीस वर्षं ज्या परवानगीवर लोकांनी नोकऱ्या सोडून घरं उभी केली, ती परवानगी एका मसुद्याने जाणार होती.

लोक चिडले. पण नुसतं चिडून थांबले नाहीत, त्यांनी कंपनी ज्या आकड्याकडे बघते त्याच आकड्यावर बोट ठेवलं आणि डी अँड डी बियाँडची सबस्क्रिप्शन रद्द करायला सुरुवात केली. पायझोने 'ओआरसी' नावाच्या, कुठल्याही एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या लायसन्सची घोषणा केली आणि पंधराशेहून जास्त प्रकाशकांनी पाठिंबा दिला. पाथफाइंडरच्या मूळ पुस्तकाचा आठ महिन्यांचा साठा दोन आठवड्यांत संपला, असं पायझोने जाहीर केलं. २७ जानेवारीला विझर्ड्सने माघार घेतली. नुसती माघार नाही, पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली टाकला. ते लायसन्स परत घेता येत नाही. जे दार कायमचं लावायला निघाले होते, त्याची चौकटच काढून द्यावी लागली.

मग तब्येत कशी आहे?

एकाच वर्षाकडे बघा. २०२३ मध्ये डी अँड डीवर आधारलेला 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम जगभर गाजला, वर्षाचे मोठे पुरस्कार घेऊन गेला. त्याच डिसेंबरमध्ये हॅस्ब्रोने सुमारे ११०० लोकांना कामावरून कमी करत असल्याचं जाहीर केलं, आणि त्यात विझर्ड्समधले, डी अँड डीवर काम करणारे लोकही होते. खेळाचं नाव कधी नव्हे इतकं मोठं, आणि तो बनवणारे घरी. आयटीत असाल तर हे वाक्य दोनदा वाचायची गरज नाही.

दुसरीकडे, पैसा आता मोठ्या कंपनीला वळसा घालूनही वाहतो. २०२१ मध्ये मॅगपाय गेम्सच्या 'अवतार लेजंड्स'ने किकस्टार्टरवर ९५ लाख डॉलर जमवले. २०२४ मध्ये ब्रँडन सँडरसन यांच्या कॉस्मिअर विश्वावरच्या खेळाने दीड कोटी. इथे १९९६ च्या उलट आहे: आधी गिऱ्हाइकाचे पैसे, मग छपाई. परत येणारे ट्रक नाहीत. असं यश मूठभरांनाच मिळतं आणि बहुतेक निर्माते अजूनही नोकरी सांभाळून रात्री लिहितात, हेही सांगायला हवं.

आणि 'डी अँड डीचा मार्केट शेअर' म्हणताना कुठला देश हेही विचारा. रोल२०ने आपल्या साइटवरचे आकडे प्रसिद्ध केले तेव्हा साधारण निम्मे खेळ पाचव्या आवृत्तीचे होते आणि त्याखाली 'कॉल ऑफ कथुलू'. जपानमध्ये हा भयकथांचा खेळ डी अँड डीपेक्षा कितीतरी लोकप्रिय आहे. जर्मनीत १९८४ मध्ये आलेल्या 'दास श्वार्त्से आउगं' या स्थानिक खेळाने वर्षानुवर्षं डी अँड डीला डोकं वर काढू दिलं नाही. ज्या देशात आधी जो बोर्ड पोचला, सोसायटी त्याच्याभोवती जमली.

मला या सगळ्यातून एवढंच कळलं: इथे कंपनीची तब्येत आणि खेळाची तब्येत वेगवेगळ्या थर्मामीटरने मोजावी लागते. १९९७ मध्ये कंपनी मरणाच्या दारात होती आणि टेबलं भरलेली होती. २०११ मध्ये डी अँड डीचा शेअर घसरला, पण लोक तर डी अँड डीच खेळत होते, फक्त कव्हरवर पाथफाइंडर लिहिलेलं. दोनदा दार लावायचा प्रयत्न झाला, २००८ ला आणि २०२३ ला, आणि दोन्ही वेळा कंपनीने स्वतःच्या हाताने स्वतःचा प्रतिस्पर्धी मोठा केला. त्या पाच फुकट्या खेळाडूंना तोटा समजलं की हे होतं. खरं तर तेच पाच जण आहेत म्हणून सहावा पुस्तक घेतो. एकट्याने बसून तो कुणाला गोष्ट सांगणार?

पुढच्या भागात या पाचांपैकीच एखादा स्वतः खेळ लिहायला बसतो तेव्हा काय होतं ते बघू: एका माणसाने लिहिलेले, दोन-चार पानांचे खेळ आणि त्यांचा धंदा. तोवर तुमच्या ग्रुपमध्ये पुस्तक कोणाकडे आहे, आणि त्याच्या चहाचे पैसे कोण देतं, ते कॉमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू!